अभिजात कादंबरीतून माणूस आणि समाज कसा वाचावा

अभिजात कथा-कादंबरी वाचताना लेखक माणसाविषयी काय म्हणतो, यापेक्षा पात्रे अडचणीच्या क्षणी काय करतात, याकडे आधी लक्ष द्यावे. टॉलस्टॉयच्या १८८६ मधील ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ या दीर्घकथेत न्यायाधीशाच्या निधनाची बातमी कळताच सहकाऱ्यांच्या मनात प्रथम येतो तो बढती-बदल्यांचा हिशेब. पुढे त्याची पत्नी डोळे टिपत टिपतच सरकारकडून आणखी काही पैसे मिळतील का, याची चौकशी करते. अशा जागी थांबावे आणि ही माणसे दुष्ट आहेत की केवळ चारचौघांसारखी, हे स्वतःला विचारावे. (माझ्या मते दुसरेच खरे, आणि म्हणूनच तो प्रसंग अधिक बोचतो.) त्यानंतर पैसा आणि हुद्दा कोणाच्या हाती आहे, कोणाला बोलण्याची मुभा नाही, याची समासात नोंद करावी, कारण स्वभाव म्हणून जे दिसते त्यातले बरेचसे परिस्थितीने घडवलेले असते. आजारी इव्हानची सेवा विनातक्रार करणारा गेरासिम हा घरचा नोकर आहे, ही बाब अशा नोंदींमुळेच ठळक होते. निष्कर्ष मात्र घाईने काढू नयेत. निवेदक कोणाकडे झुकला आहे, हे सहसा दुसऱ्या वाचनातच कळते.