पॉडकास्ट सुरू आहे, पण श्रोते वाढत नाहीत? मग या क्रमाने कामाला लागा

मराठीत पॉडकास्ट सुरू करणं आता अवघड राहिलेलं नाही. हातातला मोबाइल, एक साधा कॉलर माइक आणि फुकट मिळणारं होस्टिंग, म्हणजे भाग इंटरनेटवर ठेवायची जागा, एवढ्यावर पहिला भाग निघतो. अवघड जातं ते पंधराव्या-विसाव्या भागानंतर. तोवर नातेवाईक, मित्र, ऑफिसातली मंडळी ऐकून झालेली असतात आणि आकडा एका जागी अडकून बसतो. मग ‘रील्स टाक’, ‘मोठा पाहुणा आण’, ‘कॅमेरे घे’ असे सल्ले चारही बाजूंनी सुरू होतात. हे सल्ले चुकीचे नाहीत, क्रम चुकीचा आहे. आलेला श्रोता पाचव्या मिनिटाला निघून जात असेल, तर आणखी हजार जणांना बोलावून काय उपयोग? तेही पाचव्या मिनिटाला जातील, आणि पुन्हा बोलावलं तर येणार नाहीत. म्हणून आधी टिकवणं, मग पसरवणं.

बोलणं हवेत राहू नये म्हणून शेवटपर्यंत एकच उदाहरण धरू: सहकारी गृहनिर्माण संस्थांवरचा, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत सोसायटीवरचा पॉडकास्ट. विषय रुक्ष वाटेल. पण मुंबई, ठाणे, पुणे, नाशिककडे पार्किंग, गळती किंवा मेंटेनन्सवरून वाद झाला नाही अशी सोसायटी शोधून सापडणार नाही, आणि या वादांची नीट, मराठीत, शांतपणे दिलेली उत्तरं लोकांना खरोखर हवी आहेत.

पायरी 1: श्रोता ठरवा, आणि तो एकच ठरवा

‘सगळ्या मराठी माणसांसाठी’ हे उत्तर चालणार नाही. 2011च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे 8.3 कोटी लोक होते. एवढ्या सगळ्यांना एकाच वेळी आवडेल असं काही नसतं. ‘सोसायटीत राहणारे’ हेही फार सैल आहे. त्यापेक्षा असा माणूस डोळ्यांसमोर आणा: गेल्या निवडणुकीत कोणी उभं राहिलं नाही म्हणून सेक्रेटरी झालेला, दिवसभर नोकरी करून रात्री सोसायटीचं दप्तर उघडणारा, उपविधींचं, म्हणजे सोसायटीच्या नियमांचं पुस्तक हातात आहे पण वाचायला सवड नाही असा.

हा माणूस ठरला की निम्मे निर्णय आपोआप होतात. तो ऑफिसला जाता-येता ऐकणार, म्हणजे भाग अर्ध्या तासाचा. त्याला वकिलाचा जीवनप्रवास नको, उत्तर हवं. कलमांचे आकडे त्याच्या लक्षात राहणार नाहीत, तेव्हा ते बोलण्यात कमी आणि वर्णनात लिहून द्यायचे. आणि घाबरू नका, बाकीचे श्रोते तुटत नाहीत. सेक्रेटरीसाठी केलेला भाग त्याच्याशी भांडणारा सभासद तर हमखास ऐकतो.

ठरवलेलं एका वाक्यात लिहून काढा: ‘नव्याने कमिटीवर आलेल्यांसाठी सोसायटीचा कायदा, दर आठवड्याला एक प्रश्न, अर्ध्या तासात.’ पॉडकास्टच्या वर्णनाची पहिली ओळ हीच.

पायरी 2: डाउनलोडच्या आकड्यावर झुलू नका

डाउनलोड म्हणजे ऐकणं नव्हे. आयएबी या ऑनलाइन जाहिरात क्षेत्रातल्या संस्थेच्या निकषांनुसार फाइलचा किमान एक मिनिटाचा भाग फोनवर उतरला की एक डाउनलोड धरला जातो. पुढे कोणी ऐकलं की नाही, ते त्यात कळत नाही. सप्टेंबर 2023मध्ये आयफोनसाठी आयओएस 17 आलं, ॲपलने भाग आपोआप उतरवण्याची पद्धत बदलली, आणि ऐकणारे तेवढेच असताना कित्येक पॉडकास्टचे डाउनलोड घटले. असा आकडा वाढला म्हणून पेढे वाटण्यात आणि घटला म्हणून खचण्यात अर्थ नाही.

पाहायचं ते हे: लोक भाग किती वेळ ऐकतात आणि कोणत्या भागानंतर फॉलो करतात. ॲपल पॉडकास्ट्स कनेक्ट, स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स आणि यूट्यूब स्टुडिओ, तिन्हीकडे ही माहिती फुकट मिळते. शेवटचे दहा भाग घ्या आणि वहीत तीन रकाने आखा: भागाची लांबी, पाचव्या मिनिटाला टिकलेले टक्के, त्या आठवड्यात वाढलेले फॉलोअर्स. मग कितव्या मिनिटाला किती जण ऐकत होते, याचा तिथलाच आलेख बघा. पहिल्या मिनिटातच रेषा कोसळत असेल, तर दोष सुरुवातीत आहे. मध्येच एका जागी खड्डा पडत असेल, तर तो भाग स्वतः ऐका. बहुतेक वेळा तिथे पाहुणा विषय सोडून भरकटलेला असतो. एखाद्या जागी रेषा वर उचलली असेल, तर लोकांनी मागे जाऊन ते पुन्हा ऐकलंय. ती जागा सोन्यासारखी जपा, क्लिप तिथूनच काढायची आहे.

श्रोतेच चाळीस-पन्नास असतील तर मात्र आलेखाच्या नादी लागू नका. दोन माणसं उठून गेली तरी रेषा हलते. अशा वेळी पाच जणांना फोन करा. ‘कसा वाटला?’ असं विचारू नका. आपल्याकडे याचं उत्तर ‘छान!’ हेच असतं. विचारायचं असं: कुठे बंद केलंत? ऐकताना काय करत होतात? कोणाला पाठवावासा वाटला का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत मोलाचं. कोणाचंच नाव आलं नाही, तर भाग चांगला असला तरी तो पुढे सरकणार नाही.

पायरी 3: पहिलं मिनिट नव्याने लिहा

माझ्या मते मराठी पॉडकास्टचे निम्मे श्रोते इथेच हातचे जातात. नेहमीची सुरुवात आठवा. वीस सेकंद संगीत, मग: ‘नमस्कार, स्वागत आहे आपलं. आज आपल्यासोबत आहेत सहकार क्षेत्रात गेली अनेक वर्षं कार्यरत असलेले सुप्रसिद्ध विधिज्ञ. सर, सर्वप्रथम आपलं मनःपूर्वक स्वागत. सर, आपल्या प्रवासाविषयी थोडं सांगाल?’ सर सांगतात. सहा मिनिटं जातात. आपला सेक्रेटरी तोवर दादरला उतरलेला असतो.

आता तोच भाग असा सुरू करा: ‘तुम्ही फ्लॅट भाड्याने दिलाय आणि सोसायटी मेंटेनन्सच्या दुप्पट रक्कम मागतेय. पैसे भरण्याआधी थोडं थांबा. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, शासनाचा तसा 2001चा आदेश आहे. मग सोसायट्या जास्त का मागतात, आणि कमिटीशी न भांडता हे कसं सोडवायचं, ते आज बघू.’ पंचवीस सेकंदांत श्रोत्याला कळलं की हे त्याच्या कामाचं आहे, आणि पुढे काय मिळणार तेही कळलं. संगीत यानंतर, तेही पाच सेकंद. पाहुण्याची ओळख एका वाक्यात, आणि तीही याच प्रश्नाशी जोडलेली: ‘अशी प्रकरणं रोज हाताळणारे वकील आपल्यासोबत आहेत.’

उत्तर आधीच सांगून टाकलं तर लोक पुढे कशाला ऐकतील, अशी भीती वाटते. उलट होतं. उत्तर देणारा माणूस विश्वासाचा वाटतो, आणि खरी गरज ‘कसं’ची असते. ती अर्धा तास पुरते.

याच पायरीत आवाजही नीट करून घ्या. घुमणारी खोली, पंख्याची घरघर आणि होस्टचा आवाज मोठा तर पाहुण्याचा बारीक, हे लोकलच्या गर्दीत सहन होत नाही. पडदे, गादी, कपड्यांचं कपाट असलेली खोली रेकॉर्डिंगला उत्तम. एडिट करताना आवाजाची पातळी उणे 16 एलयूएफएसच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) आसपास ठेवा. ॲपलची शिफारस तीच आहे.

पायरी 4: शीर्षक श्रोत्याच्या तोंडचं हवं

‘भाग 14: सहकार कायद्याचे विविध पैलू’ असं कोणी कधी शोधत नाही. ‘फ्लॅट भाड्याने दिला तर सोसायटी किती जादा पैसे घेऊ शकते?’ हे शोधतात. यूट्यूबच्या शोधचौकटीत ‘सोसायटी’ लिहून थांबा. खाली ज्या सूचना येतात ते लोकांचे खरे प्रश्न. हेच रोमन लिपीतही करून पाहा, कारण मराठी शोधणारे कितीतरी लोक रोमन अक्षरांतच टाइप करतात. शीर्षक देवनागरीत ठेवा आणि तोच प्रश्न वर्णनात रोमन अक्षरांतही लिहा. भाग क्रमांक शेवटी टाका, कारण मोबाइलवर शीर्षकाची शेपटी कापली जाते आणि सुरुवातीची जागा मोलाची असते.

मुखचित्र ॲपलसाठी 3000 बाय 3000 पिक्सेलचं लागतं, पण लोक ते बघतात अंगठ्याच्या नखाएवढं. देवनागरीची गोम इथे आहे: लहान आकारात जोडाक्षरं गिचमिड होतात, वेलांट्या आणि रफार कडेला कापले जातात. दोन-तीन शब्द, ठळक अक्षरं, आणि फोन हातभर लांब धरून वाचता येतंय का ते बघायचं.

पायरी 5: श्रोत्याच्या वर्षाप्रमाणे भाग लावा

ठरलेला वार आणि वेळ पाळा, हे सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे. आकाशवाणीने पिढ्यान्पिढ्या श्रोते बांधून ठेवले ते ठरल्या वेळेला ठरलेला कार्यक्रम लावूनच. आठवड्याला जमत नसेल तर पंधरवड्याला करा, पण तीन भाग कायम तयार ठेवा, म्हणजे आजारपण, लग्नसराई, परीक्षा यात खंड पडणार नाही.

याहून जास्त फरक पडतो तो विषय कधी लावता याने. सोसायटीला वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि सभेची नोटीस 14 पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. म्हणजे एजीएमवरचे भाग ऑगस्टमध्येच यायला हवेत. ऑक्टोबरमध्ये ते कोणाला हवेत? ‘वरच्या मजल्याच्या बाथरूममधून गळती: खर्च कोणाचा?’ हा भाग जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाआधी. हिशेब आणि ऑडिटचे भाग मार्च-एप्रिलमध्ये, वर्गणीचा भाग गणपतीच्या पंधरा दिवस आधी. असे भाग दर वर्षी पुन्हा उपयोगी पडतात. जुन्या भागात नियम बदललेला नसेल तर तोच नव्याने पाठवायला काहीच हरकत नाही.

पायरी 6: लोक जिथे आधीच जमतात तिथे जा

आता पसरवायची वेळ. आपल्या सेक्रेटरीचं सगळं जग व्हॉट्सॲपवर आहे. नुसती लिंक टाकू नका, ती ‘गुड मॉर्निंग’च्या गर्दीत वाहून जाते. सगळ्यांना पुढे पाठवता येईल असा निरोप लिहून द्या:

‘आपल्याकडे येत्या सभेत पार्किंगचा विषय आहे. नियम काय सांगतो ते या भागात सहाव्या मिनिटापासून ऐका. कोणाचीही बाजू घेतलेली नाही.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. त्यामुळे पाठवणाऱ्यावर भांडण लावल्याचा आळ येत नाही. सोबत मिनिटभराची क्लिप, तीच जिथे आलेख वर उचलला होता. लिंक एकच द्या, आणि बहुतेकांकडे वेगळं ॲप नसतं म्हणून ती यूट्यूबची.

पाहुणा निवडताना त्याच्या प्रसिद्धीपेक्षा त्याचं वर्तुळ पाहा. नटाला आणलंत तर त्याचे चाहते येतील आणि जातील. जिल्हा हाउसिंग फेडरेशनचा पदाधिकारी, सोसायट्यांचं ऑडिट करणारे सीए, पुनर्विकासातून नुकतीच बाहेर पडलेली कमिटी, यांनी तो भाग पुढे पाठवला की प्रत्येक माणूस नेमका तुमचाच श्रोता असतो. तसंच दुसऱ्या पॉडकास्टशी देवाणघेवाण. ‘थिंक बँक’ किंवा ‘अमुक तमुक’सारख्या मोठ्या नावांच्या मागे धावण्याआधी तुमच्याच आकाराचा, शेजारच्या विषयाचा पॉडकास्ट शोधा, गृहकर्ज किंवा वास्तुरचना यांवरचा चालेल. तुम्ही त्यांची मिनिटभराची ओळख लावा, त्यांनी तुमची.

परदेशातल्या मराठी माणसांना विसरू नका, पण त्यांच्या प्रश्नासाठी जा. पुण्यात फ्लॅट आणि स्वतः न्यू जर्सीत, अशा माणसाला नॉमिनेशन, मुखत्यारपत्र आणि भाडेकरू यांवरचा भाग हवा असतो. उत्तर अमेरिकेचं बृहन्महाराष्ट्र मंडळ, 1932पासून चालू असलेलं लंडनचं महाराष्ट्र मंडळ, यांच्या सभासदांपर्यंत असा एखादा भाग पोचवता आला तर तो आपसूक फिरतो.

व्हिडिओ करायचा का?

यूट्यूबवर भाग टाकाच. दर महिन्याला 100 कोटींहून जास्त लोक तिथे पॉडकास्ट बघतात-ऐकतात, असं यूट्यूबने 2025च्या सुरुवातीला जाहीर केलं. प्लेलिस्ट ‘पॉडकास्ट’ म्हणून नोंदवा म्हणजे यूट्यूब म्युझिकमध्येही दिसेल. पण तीन कॅमेऱ्यांचा खर्च तिसरी पायरी जमेपर्यंत करू नका. एक स्थिर चित्र किंवा एक मोबाइल पुरतो. आणि सगळी भिस्त एका कंपनीवर ठेवू नका. गूगल पॉडकास्ट्स 2024मध्ये बंद झालं. आरएसएस फीड, म्हणजे ज्या पत्त्यावरून सगळी ॲप्स तुमचे भाग उचलतात तो, स्वतःच्या ताब्यात ठेवा, म्हणजे होस्टिंग बदललं तरी श्रोते सोबत येतात, आणि थेट निरोप देता येईल असं व्हॉट्सॲप चॅनल किंवा ईमेल यादी पहिल्या दिवसापासून वाढवा. पैसे देऊन जाहिरात करायची तर फक्त त्या भागाची, ज्यात लोक सर्वांत जास्त टिकलेत. विकत मिळणारे फॉलोअर्स कधीही घेऊ नका; ते ऐकत नाहीत आणि तुमचे आकडे वाचता येईनासे करतात.

बारा भागांनी काय बघायचं

हे बदल करून बारा भाग काढा आणि तीन रकान्यांची वही पुन्हा उघडा. पाचव्या मिनिटाला टिकणारे वाढले पण फॉलोअर्स नाहीत, तर भाग चांगले आहेत आणि पोचत नाहीत. चौथ्या आणि सहाव्या पायरीवर वेळ द्या. फॉलोअर्स वाढले पण टिकणं तसंच, तर शीर्षक जे सांगतं ते भागात मिळत नाही. दोन्ही हललं नाही, तर पहिल्या पायरीवर या आणि श्रोता बदला, पॉडकास्टचं नाव बदलावं लागलं तरी.

आणि प्रत्येक भागाच्या शेवटी ‘लाइक, शेअर, सबस्क्राइब’ म्हणण्याऐवजी एकच गोष्ट मागा: ‘तुमच्या सोसायटीतला न सुटलेला प्रश्न व्हॉइस नोटवर पाठवा, नाव सांगणार नाही.’ आलेल्या व्हॉइस नोट्स वहीत तारखेसकट उतरवा. एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांहून तिसऱ्यांदा आला की पुढचा भाग तोच, आणि तो प्रश्न विचारणाऱ्या तिघांना भागाची लिंक सगळ्यांच्या आधी पाठवा.