जपानी खानावळीत जेवायला जाताना

जपानला फिरायला येणारी आपली बरीच मंडळी सुशी, रामेन नाहीतर सरळ इंडियन रेस्टॉरंट एवढ्यातच आठवडा काढतात आणि परत जातात, मला खरंच वाईट वाटतं कारण इथली माणसं रोज दुपारी जे जेवतात ते या तिन्हीत येतच नाही. ते मिळतं शोकुदोमधे, म्हणजे आपल्या भाषेत चक्क खानावळ. तिथे जे ताट मिळतं त्याला म्हणतात तेइशोकु. वाटीभर भात, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं सूप, एक मुख्य पदार्थ, छोट्या वाटीत एखादी भाजी किंवा तोफू आणि लोणचं, सगळं एका ट्रेमधे एकदम येतं. ताट वाढून समोर येणं ही गोष्ट आपल्याला शिकवावी लागत नाही, म्हणून मी म्हणते की मराठी माणसाला जपानमधे सगळ्यात पटकन जमेल अशी जागा हीच.

आधी वेळ. दुपारी साडेअकरा ते दोन हा लंचचा टाइम, बारा ते एक ऑफिसवाल्यांची गर्दी असते त्यामुळे साडेअकरालाच जा नाहीतर एकनंतर. दोन-अडीचनंतर बरीच छोटी दुकानं पाचपर्यंत बंद असतात, तीन वाजता भुकेले फिरत बसू नका. दारावर कापडी पडदा लटकत असेल, त्याला नोरेन म्हणतात, तो बाहेर लावलेला असला तर दुकान चालू आणि आत घेतलेला असला तर बंद, वाचता येत नसलं तरी एवढं कळतं. टोकियोत लंचचं ताट साधारण ८०० ते १२०० येनमधे होतं.

आत गेलात की जोरात "इराश्शाइमासे", म्हणजे "या, या", ऐकू येईल, त्याला उत्तर द्यायचं नसतं, हसून मान हलवली तरी पुरे. किती जण ते बोटांनी दाखवा. एकटे असाल तर काउंटरवर बसवतील, मला तीच जागा आवडते, समोर मासा भाजताना दिसतो. काही ठिकाणी दाराशीच तिकिटाचं मशीन असतं, आधी पैसे टाकायचे, पदार्थाचं बटण दाबायचं, चिठ्ठी निघते ती द्यायची. मागे लाइन असली की घाबरायला होतं, म्हणून बाहेरच्या काचेतले पदार्थांचे मॉडेल किंवा फोटो बघून आधीच ठरवून घ्या. पाणी किंवा चहा फुकट असतो, गरम ओला रुमाल आला तर तो हात पुसायला, तोंड-मान पुसू नका.

वेटर आपणहून सारखा विचारायला येत नाही. "सुमिमासेन" अशी मोठ्याने हाक मारायची, यात काही उद्धटपणा नाही, सगळे तसंच करतात. मग मेन्यूवर बोट ठेवून "कोरे ओनेगाई शिमासु". काय घ्यावं सुचत नसेल तर "हिगावारी" विचारा, म्हणजे आजचं ताट, बहुतेक तेच स्वस्त आणि ताजं असतं.

मासे खाणाऱ्यांनी तर डोळे मिटून साबा शिओयाकी घ्यावं. साबा म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊच, नुसतं मीठ लावून भाजलेला, बाजूला किसलेला मुळा असतो त्यावर थोडा सोया सॉस घालून माशाबरोबर खायचा. कोकणातल्या माणसाला काटे काढायला कोणी शिकवायला नको, फक्त हाताऐवजी चॉपस्टिक. साबा मिसोनी म्हणजे तोच मासा मिसोच्या गोडसर रश्यात शिजवलेला. चिकन हवं तर तळलेलं कारागे किंवा चिकन-अंड्याचं ओयाकोदोन. शोगायाकी आणि तोंकात्सु ही पोर्कची, हांबागु म्हणजे बहुतेक वेळा बीफ-पोर्कचा एकत्र खिमा, कोरोक्के दिसायला बटाटावडा पण आत बऱ्याचदा खिमा असतो, आणि जपानी करी आपली वाटते म्हणून घेऊ नका, तिच्यात बीफ किंवा पोर्क असू शकतं आणि मसाल्याच्या वडीतही बऱ्याचदा प्राण्यांची चरबी असते. बुता म्हणजे पोर्क, ग्यू म्हणजे बीफ, तोरी म्हणजे चिकन, हे तीन शब्द पाठ करा.

आता शाकाहारी लोकांसाठी, आणि हे नीट वाचा कारण माझी आई आली होती तेव्हा मी यातच चुकले. मी "निकु नाशी", मांस नको, एवढंच सांगितलं, त्यांनी मनापासून छान भाजीचं ताट दिलं, आईने अर्धं सूप प्यायलं आणि मग मला कळलं की ते माशाच्या पाण्यात केलेलं आहे. त्या पाण्याला दाशी म्हणतात, वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पातळ कापांचं नाहीतर छोट्या सुक्या माशांचं, सोबत कोंबु नावाचं समुद्री शेवाळ. मिसो सूप, शिजवलेला भोपळा, पालक, अंड्याची गुंडाळी, नात्तो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनबरोबरचं सॉसचं पाकीट, सगळ्यात दाशी असते. थंड तोफूवर जे भुशासारखं घातलेलं असतं तेही माशाचंच. दुकानदार लबाडी करत नाही, त्याच्या डोक्यात दाशी म्हणजे मासा खाणं असं नसतंच, आपण फोडणीत हिंग घालतो तितकं ते सहज. त्यामुळे कडक शाकाहारी असाल तर खानावळीत भात आणि साधा तोफू सोडला तर फार काही हाती लागत नाही, त्यांनी बौद्ध देवळांचं शाकाहारी जेवण म्हणजे शोजिन र्‍योरी शोधावी, तिथे दाशी कोंबु आणि मशरूमची असते. टोकियोत निशी-कासाईला आपली बरीच मंडळी राहतात, तिकडे इंडियन जेवणही सहज मिळतं.

ताट आलं की "इतादाकिमासु" म्हणायचं, हात जोडून, आपण "वदनी कवळ घेता" म्हणतो तसंच. भात डावीकडे, सूप उजवीकडे, ते फिरवू नका, आपल्याकडेही चटणी-कोशिंबीर डावी आणि भाजी उजवी ठरलेलीच असते ना. भाताची वाटी हातात उचलून खायचं, सूप वाटीला तोंड लावून प्यायचं, आमटी ओरपणाऱ्यांना हे एकदम घरचं वाटेल. एक घास भाताचा, एक माशाचा, मधे सूप, असं फिरत फिरत खायचं, आधी सगळा मासा संपवून मग कोरडा भात असं नाही. भातावर सोया सॉस ओतून कालवू नका, तांदूळच इतका चवीचा असतो.

चॉपस्टिकचे दोन नियम मात्र पाळाच. भातात उभ्या खोचायच्या नाहीत, तसा भात मेलेल्या माणसापुढे ठेवतात, आपल्या पिंडासारखंच. आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमधे घास द्यायचा नाही, अस्थी तशा उचलतात. मुलाला काही द्यायचं असेल तर त्याच्या वाटीत ठेवा. नाहीच जमल्या तर "फोर्क ओनेगाई शिमासु", कोणी नावं ठेवत नाही.

ताट माणशी एक मागवतात, दोघांत एक असं चालत नाही, पण भात कमी हवा असेल तर "गोहान सुकुनामे दे" आधीच सांगा, ताटात टाकण्यापेक्षा ते बरं. उरलेलं पार्सल बहुतेक ठिकाणी देत नाहीत. उलट भूक जास्त असेल तर "ओकावारी" विचारा, बऱ्याच ठिकाणी भात परत फुकट मिळतो, यायोइकेन या चेनमधे तर स्वतः उठून घेता येतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी अशाच चेनपासून सुरुवात केली तरी चालेल, ओओतोया आहे ना, ती १९५८ मधे इकेबुकुरोला एका साध्या शोकुदोपासूनच सुरू झाली, फोटोचा मेन्यू असतो, काही अडत नाही. पण दुसऱ्या वेळी मात्र गल्लीतलं म्हातारा-म्हातारी चालवतात ते दुकान बघा, तिथलं लोणचं घरचं असू शकतं.

बिल टेबलावर नाही, दाराजवळच्या काउंटरवर द्यायचं, पैसे हातात न देता समोरच्या छोट्या ट्रेमधे ठेवायचे. छोट्या दुकानात कार्ड चालेलच असं नाही, हजाराच्या नोटा जवळ ठेवा. टिप ठेवू नका, विसरलात समजून मागे पळत येतील. निघताना आत चुलीजवळच्या माणसाकडे बघून "गोचिसोसामा देश्ता", म्हणजे जेवणाबद्दल आभार, म्हणा, हात कामात असला तरी तो मान वर करून "आरिगातो गोझाइमाश्ता" म्हणेल.