फडात डिझेल नेणारी घरगुती टाकी : या चुका टाळा

"पंप ओढत नाही हो, जरा बघता का?" ऊसतोडीच्या हंगामात मला येणाऱ्या फोनांची सुरुवात बहुधा अशीच होते. हार्वेस्टर फडात उभा, पिकअपच्या हौद्यात दोनशे लिटर डिझेल, आणि नोझलमधून येतेय करंगळीएवढी धार. माणूस पंपावर चिडलेला असतो, नवा घ्यायला निघालेला असतो. मी म्हणतो, आधी टाकीचं झाकण सैल करा. झाकण फिरवताच फुस्स आवाज येतो आणि तोच पंप दणक्यात ओढू लागतो. टाकीला श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नसते.

माझी फॅब्रिकेशनची शेड आहे. अशा टाक्या करूनही देतो आणि दुसरीकडे केलेल्या तपासायलाही येतात. लोक पंपावर, मीटरवर, भरलं की आपोआप बंद होणाऱ्या ऑटो-कट नोझलवर हौसेनं पैसे घालतात, पण पेटी मात्र "त्यात काय, सहा पत्रे झाळायचे" म्हणून उरकतात. बिघाड निघतो तो बहुतेक वेळा पेटीतच. मीही पहिली टाकी अशीच उरकली होती, हे आधीच कबूल करतो.

जुनं बॅरल कापू नका

सगळ्यात आधी हे, कारण बाकीच्या चुका पैशावर निभावतात. दोनशे लिटरचं जुनं बॅरल स्वस्तात मिळतं. ते आडवं कापायचं, वर सॉकेट झाळायचं, झाली टाकी, असा हिशेब असतो. त्या बॅरलमध्ये आधी थिनर होता की ऑइल, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. भरलेल्या बॅरलपेक्षा रिकामं बॅरल जास्त घातक, कारण आत वाफ आणि हवा मिसळलेली असते. गॅस कटर, ग्राइंडर, वेल्डिंगचा आर्क, कशाचीही ठिणगी तिला पुरते.

डिझेल काडीनं पेटत नाही, हे प्रत्येकानं कधी ना कधी बघितलेलं असतं आणि त्यातूनच फाजील विश्वास येतो. आपल्याकडच्या मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते तो, किमान ३५ अंश असावा लागतो. मे महिन्यात उन्हातल्या पत्र्याला हात लावून बघा, ३५ अंश कुठल्या कुठे मागे पडलेले असतात. वेल्डिंगची उष्णता तर शेकडो अंशांत. बॅरलच्या दुमडलेल्या कडेत अडकलेलं चमचाभर डिझेल त्या आचेनं वाफ होऊन वर येतं. साबणाच्या पाण्यानं धुतलं तरी ती कड धुऊन निघत नाही.

टाकी नव्या पत्र्याचीच करा. वापरलेली टाकी गळत असेल तर कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. वाफेनं धुऊन, आत गॅस उरला नाही हे मीटरनं तपासून मगच झाळणाऱ्या वर्कशॉपमध्ये न्या, नाहीतर नवी करा. डिझेल लागलेल्या टाकीला मी स्वतः आर्क लावत नाही. गिऱ्हाईक रागावून गेलं तरी चालेल.

पत्रा आणि माप

गंज नको म्हणून लोक जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आणतात. दिसायला झकास. पण जस्त आणि डिझेल यांचं जमत नाही. जस्त हळूहळू डिझेलमध्ये उतरतं, त्याचा साबणासारखा गाळ होतो आणि तो फिल्टर, इंजेक्टरपर्यंत जातो. तांब्याची नळीही टाळा, तांब्यामुळे डिझेल लवकर चिकट होतं. साधा काळा पत्रा, तीन एमएम, आतून रंग न लावता. आतून रेड ऑक्साइड मारणारे भेटतात; सहा महिन्यांत त्याचे पापुद्रे जाळीत येऊन बसतात. बाहेरून हवा तितका रंग द्या.

मी १०० बाय ५५ बाय ४० सेंटिमीटरची पेटी धरतो. आत २२० लिटर मावतं, भरायचं २००. नुसता पत्रा ५५ किलोच्या आसपास, डिझेल साधारण १६६ किलो, वर पंप आणि पाइप. म्हणजे सव्वादोनशे किलोचा ऐवज. हे वजन नायलॉनच्या दोरीनं बांधून चालत नाही. टाकीच्या पायांना भोकं पाडून हौद्याला बोल्ट मारा.

वरची २० लिटर जागा मोकळी का, असं हमखास विचारतात. सकाळी २० अंशांवर भरलेलं २०० लिटर डिझेल दुपारी ४० अंशांवर गेलं की तीन लिटरहून जास्त फुगतं. गळ्यापर्यंत भरलेली टाकी ते कुठे ठेवणार? ब्रीदरमधून, म्हणजे हवा येण्या-जाण्याच्या नळीतून, हौद्यात.

आत मधोमध, टाकीच्या लांबीला छेदणारा एक उभा पत्रा, म्हणजे बॅफल, हवाच. अर्धी टाकी वळणावर भरलेल्या टाकीपेक्षा जास्त त्रास देते, कारण डिझेलची लाट एका बाजूनं आदळते आणि कोपऱ्यातलं वेल्डिंग तिथेच उकलतं. बॅफलचे खालचे कोपरे डिझेलसाठी कापायचे हे सगळ्यांना कळतं. वरचे कोपरे हवेसाठी कापायचे, ते विसरतात.

श्वास

बाजारात मिळणारा साधा १२ व्होल्टचा पंप मिनिटाला ४० लिटरच्या आसपास ओढतो. तेवढीच हवा आत आली पाहिजे. ती आली नाही तर आत पोकळी होते, धार बारीक होते, पंप तापतो. यावर देशी उपाय म्हणजे झाकणाला खिळ्यानं भोक. त्यातून फडातली धूळ आणि पावसाचं पाणी सरळ आत. त्यापेक्षा अर्ध्या इंचाचा पाइप वर काढून छत्रीच्या मुठीसारखा खाली वळवा आणि तोंडाला बारीक स्टेनलेस जाळी बसवा. गाडी कलंडली तर आपोआप बंद होणारा ब्रीदर मिळाला तर फारच उत्तम.

गळती तपासताना

नवी टाकी कंप्रेसरला लावून "चांगली टाइट" हवा भरणारे कारागीर मी बघितलेत. हिशेब करा: वरचा पत्रा १०० बाय ५५, म्हणजे ५,५०० चौरस सेंटिमीटर. चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब दिला तर एकट्या त्या पत्र्यावर साडेपाच टन जोर. चपटी पेटी त्यासाठी बनलेलीच नसते, ती फुगते किंवा फाटते, आणि साबणाचं पाणी लावणारा माणूस तेव्हा तोंड जवळ नेऊन बुडबुडे बघत असतो.

आमच्याकडची जुनी रीत बरी. बाहेरून प्रत्येक जोडावर चुन्याचा हात द्यायचा, वाळू द्यायचा. आतून जोडावर थोडं डिझेल किंवा रॉकेल फिरवायचं. तासाभरात जिथे पांढऱ्या चुन्यावर ओला डाग उमटेल तिथे सुईएवढं भोक आहे. खडूनं खूण करायची, आतला थेंबन् थेंब पुसून काढायचा. एक गोम आहे: डाग निघाला तर दुरुस्तीआधी तेच वाफेचं धुणं आलं. म्हणून मी पहिली फेरी साध्या पाण्यानं घेतो. टाकी पाण्यानं भरून रात्रभर कागदावर ठेवायची. पाणी धरलं तर मगच चुना. पाणी काढल्यावर मात्र टाकी दोन दिवस उन्हात वाळवा आणि आत चुंबक फिरवा. वेल्डिंगचे मणी आणि ग्राइंडरचा भुसा पाहून थक्क व्हाल.

पंप खरंच ओढत नसेल तर

झाकण सैल करूनही धार बारीकच राहिली, तर पुढचा संशय वायरवर. घरातल्या बोर्डाची एक चौरस मिलिमीटरची वायर बॅटरीपासून चार मीटर मागे ओढलेली असते. जाऊन-येऊन आठ मीटर, १५ अँपिअर करंट, म्हणजे दोन व्होल्ट वायरमध्येच जिरले. पंपाला जेमतेम दहा मिळतात. तो घरघरतो, ओढत नाही. चार चौरस मिलिमीटरची वायर टाका, नुकसान अर्ध्या व्होल्टवर येतं. फ्यूज बॅटरीजवळ हवा, पंपाजवळ नव्हे. टिपर किंवा मोठ्या एक्स्कॅव्हेटरवर २४ व्होल्ट असतात. तिथे १२ चा पंप थेट जोडला की निळा धूर. दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ घेण्याची हुशारीही नको, ती बॅटरी लवकर बसते.

पंप फिरतो पण डिझेल येतच नाही, तर लाइन हवा धरतेय. सक्शनचे, म्हणजे टाकीतून पंपाकडे डिझेल ओढणाऱ्या पाइपचे जोड बघा. तिथे ट्यूबचा तुकडा कापून गॅस्केट केलेलं असतं. ट्यूबचं रबर डिझेलमध्ये फुगून मऊ पडतं आणि हवा घ्यायला लागतं. डिझेल सोसणारं नायट्राइल रबर वापरा. होजही त्याचाच, बागेची पाण्याची नळी दोन महिन्यांत काठीसारखी ताठ होते. टेफलॉन टेप गुंडाळताना पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर तिच्या चिंध्या पंपाच्या पात्यात.

सक्शन पाइप वरून आत सोडा आणि तळापासून इंचभर वर ठेवा. तळातून काढलेला कॉक एका दगडानं तुटला तर दोनशे लिटर डिझेल मातीत जातं. वरून काढलेल्या लाइनलाही बॉल व्हॉल्व्ह लावा, कारण नोझल खाली लोंबकळत राहिलं तर पंप बंद असूनही डिझेल सायफननं वाहत राहतं. आणि सायफन चालू करायला नळी तोंडानं ओढू नका. पोटात गेलेल्या डिझेलपेक्षा फुप्फुसात गेलेलं वाईट. तसं झालं तर उलटी करवू नका, सरळ दवाखाना गाठा.

थोडं ठिणगीचं आणि कायद्याचं

पंप आणि फिल्टरमधून वाहताना डिझेलवर स्थिर वीज साठते. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ डिझेल आहे, गंधक फक्त १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा भाग. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलची वीज वाहून नेण्याची क्षमताही घटते. म्हणून नोझल लावण्याआधी टाकी आणि मशीन यांच्यात तारेचा एक क्लॅम्प जोडा, आणि धार चालू असताना नोझल मशीनच्या टाकीच्या तोंडाला टेकलेलं ठेवा. निळं प्लॅस्टिक बॅरल मला याच कारणासाठी पटत नाही. त्यावर साठलेली वीज कुठे उतरणार? आणि इंजिनाचा धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत घालतात त्या युरियाच्या पाण्याचा, म्हणजे डीईएफचा कॅन, नरसाळं, नळी, काहीही डिझेलच्या सामानात मिसळू देऊ नका.

१९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात डिझेल 'ब' वर्गात येतं. एका जागी २,५०० लिटरपर्यंत आणि कुठलंही भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल तर साठ्याला परवाना लागत नाही. ही सूट परवान्यापुरती आहे. भांडं कसं असावं याचे नियम वेगळे आहेत, आणि ते बघणाऱ्या 'पेसो' या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. रोज हमरस्त्यावरून न्यायचं असेल तर मान्यता असलेली तयार टाकी घ्या. आणि शेजाऱ्याला लिटरवर विकायचा मोह नको, तो सरळ गुन्हा.

पाणी

मशीनची टाकी भरल्यानंतर तासाभरात इंजिन अडखळत, म्हणजे मिसफायर करत असेल तर पाण्याचा संशय घ्या. अर्धी टाकी रात्री उघड्यावर राहिली की आतल्या हवेतला ओलावा पत्र्यावर घाम धरतो आणि तळाला उतरतो. सक्शन इंचभर वर ठेवला तो यासाठीच. तळाच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात लहान ड्रेन प्लग ठेवा, संरक्षक पट्टीच्या आड. सकाळी, गाडी हलवण्याआधी, पारदर्शक बाटलीत पावशेर काढा. पाणी असेल तर खाली स्वच्छ थर दिसतो, वर पिवळसर डिझेल, मध्ये धाग्यासारखी रेघ. पेट्रोल पंपावर डिप रॉडला लावतात ती पाणी तपासायची पेस्ट मिळाली तर तीही ठेवा, पाणी लागलं की रंग बदलते. नोझलच्या आधी पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर बसवा. प्रचंड दाबानं डिझेल फवारणाऱ्या आताच्या कॉमन रेल इंजेक्टरांना धुळीचा कणही सोसत नाही.

मागच्या हंगामात एकजण अशीच टाकी घेऊन आले होते. जाळी स्वच्छ, वायर जाड, झाकण सैल. मी प्लग उघडला आणि बाटली धरली. अर्धी बाटली पाणी. ते बराच वेळ बाटलीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "पंप कालच नवा घेतला की हो."