कॉलेजच्या फुटबॉल संघासाठी जुना जाणता सहायक प्रशिक्षक आणताना : तयारीची यादी

पहिली तयारी आपल्याच घरात करायची आहे. उमेदवाराला फोन लावण्याआधी मुख्य प्रशिक्षकासमोर कोरा कागद ठेवा आणि संघाला नेमकं काय कमी पडतंय ते त्याच्याच हातानं लिहून घ्या. ‘अनुभवी माणूस हवाय’ हे उत्तर चालणार नाही. शेवटच्या वीस मिनिटांत पोरं दमतात का? कॉर्नरवर गोल खातो का? कीपरला तयार करणारं कुणी नाही का? की मुलं हुशार आहेत, पण हरायला लागली की एकमेकांवर ओरडतात? प्रत्येक उत्तराला वेगळा माणूस लागतो. बचावात आयुष्य काढलेल्या माणसाला फॉरवर्ड घडवायला बसवलं तर दोघांचंही वर्ष वाया जातं. कागदावर तीन ओळी आल्या तरी पुरे, पण त्या आल्याशिवाय पुढं जाऊ नका.

मी हे कोल्हापूर डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, कारण इथं कॉलेजचा फुटबॉल एकटा उभा नसतो. मागं पेठा असतात, फुटबॉल क्लब चालवणाऱ्या तालमी असतात, शाहू स्टेडियमची गॅलरी असते. सांगली-साताऱ्यात किंवा पुण्या-मुंबईत तपशील बदलतील, यादी फारशी बदलणार नाही.

दुसरी गोष्ट वेळापत्रक. शिवाजी विद्यापीठाच्या झोनल आणि इंटरझोनल स्पर्धा पहिल्या सत्रातच उरकतात, मग विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. केएसएचा, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा, लीग हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यात संपतो. म्हणजे सप्टेंबरमध्ये नेमलेला सहायक प्रशिक्षक मुलांची नावं पाठ करेपर्यंत कॉलेजचं वर्ष संपलेलं असतं. शोध मार्च-एप्रिलमध्ये सुरू करा, जूनच्या प्रवेशाआधी बोलणी पूर्ण करा आणि निवड चाचणीला त्यांना मैदानावर हजर ठेवा. संघ कुणीतरी निवडायचा आणि घडवायचा दुसऱ्यानं, ही व्यवस्था मुळातच अन्यायाची आहे.

शोध कुठं घ्यायचा? मार्च-एप्रिलमध्ये जुनी जाणती माणसं सगळी स्टेडियमवरच भेटतात. कोण कुणाशी बोलतं, मॅच संपल्यावर पोरं कुणाभोवती गोळा होतात, हे दोन-चार संध्याकाळी गॅलरीत बसून बघितलं तरी कळतं. पण इथंच कोल्हापूरचा सगळ्यात नाजूक मुद्दा येतो. जवळजवळ प्रत्येक जुना खेळाडू एखाद्या तालमीचा असतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ. ही निष्ठा आयुष्यभराची असते आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तिच्यामुळंच या गावात फुटबॉल टिकलाय. पण कॉलेजच्या संघात सगळ्या पेठांची पोरं असतात. म्हणून पहिल्याच भेटीत सरळ विचारा, सध्या कुठल्या क्लबची जबाबदारी तुमच्याकडं आहे का? त्या क्लबच्या मॅचच्या दिवशी कॉलेजचा सराव आला तर काय? तुमच्या क्लबचा पोरगा आणि समोरच्या क्लबचा पोरगा एकाच जागेसाठी असेल तर निवड कशी कराल? उत्तर कसंही असो, ते देताना माणूस अडखळतो की शांतपणे बोलतो ते बघा. निवड समितीत ते असतील तर आणखी एक तटस्थ माणूस बसवा आणि हे आधीच लिहून ठेवा. त्यांच्यावर अविश्वास म्हणून हे करायचं नाही. उद्या कुणी बोट दाखवलं तर त्यांचंच रक्षण होतं.

कागदपत्रांची बाजू लवकर आटोपते, पण टाळू नका. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या परवान्यांची चढण डी, सी, बी, ए आणि प्रो अशी आहे. कुठला परवाना आहे, मुदत संपलेली नाही ना, हे विफा (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन) किंवा जिल्हा संघटनेकडून तपासून घ्या. पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) डिप्लोमा असेल तर उत्तम, पण तो डिप्लोमा आहे की सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स, ते बघा. दोन्हींचं वजन सारखं नाही. आता खरी अडचण : तीस वर्षं पोरं घडवलेल्या कितीतरी माणसांकडं एकही कागद नसतो. त्यांना दारातूनच परत पाठवू नये असं माझं ठाम मत आहे. सहायकाच्या जागेवर घ्या आणि पहिल्या वर्षात डी परवान्याची फी कॉलेजनं भरायची, कोर्स त्यांनी पूर्ण करायचा, असं ठरवा. या वयात वर्गात बसायला जो माणूस तयार होतो, तो पोरांकडूनही शिकायला तयार असतो.

चारित्र्य पडताळणीचा पोलिसांचा दाखला मात्र सगळ्यांकडून घ्यायचा, कितीही ओळखीचे असोत. अकरावी-बारावीची मुलं संघाबरोबर सराव करत असतील तर त्यांतली बहुतेक अठराच्या आतली असतात आणि मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा त्यांना लागू आहे. मुलींचा संघ असेल तर बाहेरगावी जाताना महिला व्यवस्थापक सोबत हवीच. अंतर्गत तक्रार समितीत कोण आहे, तक्रार कुणाकडं करायची, हे नव्या प्रशिक्षकाला आणि खेळाडूंना एकाच दिवशी, एकत्र बसवून सांगा. खेळाडूला एकट्याला रात्री मेसेज करायचा नाही, निरोप ग्रुपवरच जाईल, गाडीत एकट्या खेळाडूला न्यायचं नाही. जुन्या पिढीतल्या काहींना हे खटकतं, कारण त्यांनी पोरांना स्वतःच्या घरी जेवू घालून वाढवलंय. त्यांची माया खरी आहे. नियमही तितकाच गरजेचा आहे, आणि तो समजावून सांगण्याचं काम प्राचार्यांनी करावं, शिपायाकरवी कागद पाठवून होणारं ते नाही.

चौकशी करताना फक्त ज्यांनी कप उचलले त्या कप्तानांना फोन करू नका. ज्या पोराला त्यांनी वर्षभर बेंचवर बसवलं, त्याला शोधून काढा. ‘सरांनी मला का खेळवलं नाही ते सांगितलं होतं,’ असं तो म्हणाला, तर निम्मी मुलाखत तिथंच झाली. एखाद्या पालकाशी आणि एखाद्या पंचाशीही बोला. कुणाचा तोल कधी सुटतो ते पंचांना नेमकं ठाऊक असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मुलाखत ऑफिसात आटोपू नका. संस्थेचे पदाधिकारी, चहा, बिस्किटं आणि ‘आमच्या वेळी’च्या आठवणी, यातून माणूस कळत नाही. त्यांना मैदानावर बोलवा. वीस मुलं, आठ बॉल, खुणेसाठी दहा प्लास्टिकचे शंकू, संघ ओळखायला जर्सीवर घालायचे दोन रंगांचे बिब आणि एक तास द्या. विषयही तुम्हीच द्या : कॉर्नरचा बचाव. मग कडेला उभं राहून बघा. वॉर्म-अपला ते मैदानाला पाच फेऱ्या मारायला सांगतात, की हळूहळू सांधे-स्नायू जागे करत नेतात? फिफाचा ११ प्लस हा वीस मिनिटांचा वॉर्म-अप २००६ पासून उपलब्ध आहे, त्याला महागडं साहित्य लागत नाही आणि तो नियमित करणाऱ्या संघांत दुखापती कमी होतात हे अभ्यासांतून दिसलंय. तो त्यांना माहीत नसला तरी चालेल. दाखवल्यावर ‘हे काय नाटक’ म्हणतात की गुडघा कुठं ठेवायचा ते विचारतात, तेवढं टिपून घ्या.

पुढं बघायचं ते उभं राहण्यात. मुरलेला प्रशिक्षक बोलायला थांबला की आपण सूर्याकडं तोंड करून उभा राहतो, म्हणजे मुलांच्या डोळ्यांत ऊन जात नाही. शिट्टी किती वेळा वाजवतात? प्रत्येक चुकीला वाजली तर पोरं शिट्टीचीच वाट बघत खेळतात. मी असा एक तास बघितलाय. कॉर्नरवर पहिल्या खांबाजवळ उभा असलेला बारका बॅक दर वेळी बॉलकडं बघायचा आणि त्याचा माणूस पाठीमागून निसटायचा. सर ओरडले नाहीत. खेळ चालू ठेवून त्याच्या मागं जाऊन उभे राहिले, खांद्याला हात लावून त्याला अर्धं वळवलं, ‘एक डोळा बॉलवर, एक हात त्याच्या बनियनवर, पण धरायचं नाही, नुसतं लावायचं,’ एवढंच म्हणाले आणि बाजूला झाले. पुढच्या तिन्ही कॉर्नरला त्या पोरानं आपला माणूस सोडला नाही. अनुभवासाठी आपण पैसे मोजतो ते या अर्ध्या वळणाचे. तासाच्या शेवटी बिब कोण गोळा करतं आणि ज्या चार पोरांना फारसा बॉल मिळाला नाही त्यांच्याशी कोण बोलतं, तेही बघून ठेवा.

त्याच दिवशी आपल्याच एखाद्या हरलेल्या मॅचचा मोबाइलवरचा तुकडा त्यांना दाखवा आणि काय दिसलं ते विचारा. नंतर आणखी एक प्रश्न : आपल्या कॉलेजला मावणार नाही एवढा चांगला पोरगा हाती लागला तर काय कराल? कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. अशा पोराला वरच्या दारापर्यंत नेऊन सोडणारा माणूस हवा, आपल्या संघासाठी अडवून ठेवणारा नको.

आणि मग तो विषय, जो आपल्याकडं कुणी तोंडावर काढत नाही. मुख्य प्रशिक्षक बत्तीसचा, सहायक साठीचा. कदाचित मुख्य प्रशिक्षक लहानपणी त्यांच्याच हाताखाली खेळलेला. मैदानावर निर्णय कुणाचा? जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबमध्ये हेरमान गेरलांड वर्षानुवर्षं सहायक होते. त्यांचा जन्म १९५४ चा, आणि ज्या मुख्य प्रशिक्षक पेप ग्वार्दिओलांच्या हाताखाली त्यांनी काम केलं ते १९७१ चे. फिलिप लाम, थॉमस म्युलर ही पुढं नावाजलेली पोरं गेरलांड यांच्या राखीव संघातून वर आलेली. एवढी पुण्याई असूनही ते दुसऱ्या खुर्चीत बसले आणि क्लबनं त्यांना मान दिला. आपल्याला हेच साधायचंय. म्हणून पहिल्या सरावाआधी दोघांना समोरासमोर बसवा आणि बोलून घ्या. अकरा जण कोण उतरवणार, बदली कोण ठरवणार, मध्यंतरात आधी कोण बोलणार. मुलांसमोर दोघांचं मत एकच असेल, मतभेद मैदानाबाहेर. तरुण प्रशिक्षकानं त्यांना ‘सर’ म्हणावं, आणि सरांनी पोरांसमोर त्याचा एकेरी उल्लेख टाळावा, मग तो कितीही लाडका असो.

याला नियमांचाही आधार आहे. संघाच्या बाकासमोरच्या आखलेल्या भागातून एका वेळी एकाच माणसानं डावपेचाच्या सूचना द्यायच्या असतात. २०१९ पासून प्रशिक्षकांनाही पिवळं-लाल कार्ड दाखवता येतं, आणि आरडाओरडा नेमका कुणी केला हे कळलं नाही तर कार्ड तिथं हजर असलेल्या वरिष्ठ प्रशिक्षकाला मिळतं. म्हणजे सहायकाचा सुटलेला एक शब्द मुख्य प्रशिक्षकाला बाहेर बसवू शकतो. कोल्हापुरातली ईर्ष्या लक्षात घेता हे आधी बोललेलं बरं.

प्रथमोपचार ही माझ्या यादीतली न सुटणारी अट आहे. ५ डिसेंबर २००४ ला बंगळुरूमध्ये फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पोचा ब्राझिलियन फॉरवर्ड क्रिस्तियानो ज्युनियर गोल मारताना कीपरवर आदळला, कोसळला आणि गेला. राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ही वेळ येते, तर आपल्या सरावाच्या मैदानावर काय असतं ते स्वतःला विचारा. सीपीआरचं प्रशिक्षण नव्या सहायकाबरोबर मुख्य प्रशिक्षकानं आणि दोन खेळाडूंनीही घ्यावं. पेटीत बर्फाची सोय, बँडेज, कात्री हवी. जवळचं रुग्णालय कुठलं, गाडी कुणाची, १०८ कोण लावणार, हे ठरलेलं असावं. डोक्याला मार लागलेला पोरगा त्या दिवशी परत मैदानात उतरणार नाही, त्यानं कितीही हट्ट केला तरी.

पैशाचं बोलणं संकोचात ठेवू नका. ‘सर आपलेच आहेत, काय द्यायचं ते देऊ’ या वाक्यानं कितीतरी चांगल्या माणसांचे हाल झालेत. मानधन किती, महिन्याच्या कुठल्या तारखेला, परीक्षा आणि सुट्टीच्या महिन्यांत मिळणार का, बाहेरगावचा प्रवास आणि जेवण कुणाचं, टीडीएस कापणार का, अपघात विमा आहे का, हे दोन पानांत लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. जिमखान्याच्या बजेटमध्ये त्यासाठी वेगळी रक्कम मंजूर करून ठेवा, नाहीतर क्रिकेटच्या मॅट आल्या की पहिली कात्री इथं लागते. मुदत किमान दोन वर्षांची ठेवा. एका हंगामात माणूस मुलांची घरं ओळखतो, दुसऱ्यात काम दिसतं.

राहिली शेवटची किरकोळ वाटणारी कामं. रुजू होण्याआधी त्यांना साहित्याच्या खोलीची किल्ली, मुलांची यादी, प्रत्येकाचं वय, जुन्या दुखापती आणि वर्गाचं वेळापत्रक द्या. गुडघे साथ देत नसतील तर प्रात्यक्षिक दाखवायला एक सीनियर खेळाडू जोडून द्या आणि बसायला सावलीत खुर्ची ठेवा. पहिला महिना त्यांना एकच विभाग द्या, कागदावरच्या तीन ओळींपैकी पहिली. महिन्याअखेर मुख्य प्रशिक्षक, सर आणि क्रीडा संचालक असे तिघंच बसा, तोच कागद समोर ठेवा आणि ती ओळ खोडता येते का ते ठरवा. येत नसेल तर दुसरा महिनाही त्याच ओळीला द्या.