नोकरीचा करार: मसुदा लिहिताना आणि सही करण्यापूर्वी काय पाहावे

नोकरीच्या कराराची खरी परीक्षा माणूस सोडून जातो त्या दिवशी होते. म्हणून मसुदा लिहितानाच चार प्रसंग समोर ठेवा: रुजू झाल्यावर तीन महिन्यांत राजीनामा, सहा आठवड्यांचे आजारपण, दुसऱ्या गावी बदली आणि गैरवर्तनावरून कामावरून काढणे. प्रत्येक प्रसंगात शेवटचा दिवस कोणता, किती पैसे द्यायचे आणि कोणत्या कलमाखाली, हे करारातूनच निघाले पाहिजे. मसुदा दोन जणांना स्वतंत्रपणे वाचायला द्या. त्यांची उत्तरे जुळली नाहीत, तर दोष त्या कलमात आहे.

टेम्प्लेट उघडण्याआधी मालक म्हणून कोणाचे नाव जाणार ते ठरवा. इथे नोंदणीकृत कंपनीचे पूर्ण नाव हवे, ब्रँडचे नाही. एकाच समूहात तीन कंपन्या असतील आणि पगार एक देत असेल, तर नेमका मालक कोण यावरूनच वाद सुरू होतो. मग काम जिथे होणार तिथला कायदा पाहा, कारण काही गोष्टी करारात लिहूनही बदलता येत नाहीत. युरोपीय संघाच्या 2019 च्या निर्देशानुसार मुख्य अटी पहिल्या 7 दिवसांत लेखी द्याव्या लागतात आणि प्रोबेशन, म्हणजे कायम करण्याआधीचा चाचणी काळ, सहसा 6 महिन्यांच्या पुढे जात नाही. ब्रिटनमध्ये 6 एप्रिल 2020 पासून हे लेखी निवेदन कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत हातात पडावे लागते.

पगाराच्या कलमात शब्दांची सरमिसळ सर्वाधिक होते. वर ‘एकूण पगार’, खाली ‘वेतन’ आणि नोटीसच्या कलमात नुसता ‘एक महिन्याचा पगार’. मूळ वेतन एकूण पगाराच्या निम्मे असेल, तर या एका शब्दावर हिशेब दुप्पट किंवा निम्मा होतो. सुरुवातीला व्याख्या द्या आणि पुढे सगळीकडे तोच शब्द वापरा. बोनसबाबत दोन गोष्टी स्पष्ट लिहा: तो ठरलेल्या सूत्राने मिळतो की व्यवस्थापनाच्या निर्णयाने, आणि तो देण्याच्या तारखेआधी राजीनामा दिलेल्या माणसाला मिळतो की नाही.

प्रोबेशन संपल्यावर काही कळवलेच नाही तर काय, याबद्दल बरेच करार गप्प असतात. माणूस आपोआप कायम होतो की लेखी पत्र येईपर्यंत प्रोबेशनवरच राहतो, ते लिहून टाका. ‘एक महिन्याची नोटीस’ हीही अपुरी अट आहे. 31 जानेवारीला राजीनामा दिला तर महिना कधी संपतो? त्यापेक्षा ‘30 दिवस’ लिहा. दिवस ई-मेल पाठवल्यापासून मोजायचे की मिळाल्यापासून, आणि नोटीस काळात घेतलेली रजा त्यात धरायची का, हेही त्याच वाक्यात आले तर उत्तम.

नोकरी सोडल्यानंतरच्या बंधनांवर सर्वात जास्त वेळ द्या, कारण इथे नक्कल केलेली कलमे सर्रास निरुपयोगी ठरतात. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे काम करण्यावरची बंदी सामान्यतः टिकत नाही, आणि कॅलिफोर्नियातही तेच. जर्मनीत अशी बंदी घालता येते, पण जास्तीत जास्त 2 वर्षे आणि त्या काळात शेवटच्या मोबदल्याच्या किमान निम्मी रक्कम देऊनच. इंग्लंडमध्ये बंधन वाजवी असावे लागते. अतिव्यापक असेल तर न्यायालय ते तुमच्यासाठी नव्याने लिहून देत नाही, बहुधा ते पूर्णच जाते. म्हणून ‘पाच वर्षे, सर्व ग्राहक’ असले काही लिहू नका. शेवटच्या 12 महिन्यांत त्या माणसाने स्वतः हाताळलेले ग्राहक आणि नेमकी गोपनीय माहिती एवढ्यावरच थांबा. गोपनीय म्हणजे काय तेही सांगा: दरपत्रके, ग्राहक यादी, सोर्स कोड. ‘सर्व माहिती’ असे लिहिले की खरोखर जपायचे काय, तेच हरवते.

बौद्धिक संपदेच्या, म्हणजे कामातून तयार झालेल्या शोध-लेखनावरच्या हक्कांच्या, कलमात नेमके क्रियापद कोणते ते पाहा. ‘हक्क हस्तांतरित करण्याचे मान्य करतो’ हे पुढच्या कामाचे वचन झाले. ‘याद्वारे हस्तांतरित करतो’ यात हक्क देण्याची क्रिया करारातच होते. स्टॅनफर्ड विद्यापीठाला हा फरक महागात पडला. त्यांच्या संशोधकाच्या करारात पहिल्या प्रकारचे शब्द होते, तर त्याच संशोधकाने सेटस कंपनीत काम करताना सही केलेल्या कागदावर दुसऱ्या प्रकारचे. 2009 मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने सेटसचे शब्द प्रभावी मानले आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही विद्यापीठ हरले. कर्मचाऱ्याने आधीच केलेल्या कामाची यादीही परिशिष्टात घ्या, म्हणजे ते या हस्तांतरणात ओढले जाणार नाही.

तपासणीची शेवटची फेरी आकड्यांची. ‘कलम 9.2 प्रमाणे’ असे लिहिले असेल तर ते कलम खरोखर त्याच विषयाचे आहे का, ते उघडून पाहा. मधले एक कलम गाळले की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. ऑफर लेटर, करार आणि एचआर धोरण यांत विसंगती आली तर कोणते मानायचे, तो क्रम लिहा. धोरणे वेळोवेळी बदलण्याचा अधिकार राखून ठेवता येतो, पण पगार आणि नोटीस काळ धोरणात न ढकलता करारातच ठेवा.

सही रुजू होण्याआधी घ्या आणि सही करणाऱ्या अधिकाऱ्याकडे तसा अधिकार असल्याची खात्री करा. इंग्लिश कायद्याच्या पद्धतीत नोकरी चालू असताना नवे बंधन घालायचे असेल, तर त्याबदल्यात पगारवाढ, बढती किंवा ठरावीक रक्कम असे काहीतरी नवे द्यावे लागते. ते काय दिले, याची नोंद त्याच दुरुस्तीपत्रात करा.