नादारीचा अर्ज करताय? आधी या चुका टाळा

सोलापुरात दिवाणी वकिलांकडे मी कारकून आहे. नादारीचे अर्ज, म्हणजे 'कर्ज फेडणं शक्य नाही, मला दिवाळखोर ठरवा' असे कोर्टातले अर्ज, मीच टाइप करतो, आणि चुका त्याच त्या सापडतात.

पहिली चूक कायद्याची. लोक मोबाइलवर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेबद्दल वाचून येतात. त्यातला व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, पण फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांसाठी. मागवाला, दुकानदार, पगारदार यांना अजून १९२० चा प्रांतीय नादारी कायदाच लागू आहे.

दुसरी चूक यादीची. बँक आणि पतसंस्था सगळे सांगतात. भिशीचे राहिलेले हप्ते, बहिणीकडून घेतलेले हातउसने, किराणा दुकानाची उधारी मात्र 'ते घरातलंच आहे' म्हणून गाळतात. कायद्याला घरातलं-बाहेरचं काही नसतं. ज्याचं ज्याचं देणं आहे त्या प्रत्येकाचं नाव, पत्ता आणि रक्कम अर्जात द्यावी लागते, आणि जाणूनबुजून लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मी पक्षकाराला शंभर पानी वही देतो आणि सांगतो, नवरा-बायको दोघांनी बसून लिहा. सोनंतारण आणि बचत गटाचं कर्ज बहुतेक वेळा बाईलाच नीट ठाऊक असतं. आठ दिवसांनी वही परत आणली की पुन्हा पहिल्यापासून विचारतो. दुसऱ्या खेपेला दोन-तीन नावं हमखास वाढतात. 'साहेब, आजच अर्ज टाका' म्हणणाऱ्यांना हे आठ दिवस जड जातात, पण त्याशिवाय मी टायपिंगला हात लावत नाही.

आता सगळ्यात महागडी चूक. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा एक छोटा कारखानदार आला होता. सूतवाल्याची उधारी थकलेली, बँकेचा तगादा सुरू. कागद एकदम नीट लावलेले. 'आणखी काही मालमत्ता? कुणाला काही लिहून दिलंय?' मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा 'नाही'. सुनावणीत सूतवाल्याच्या वकिलांनी इंडेक्स टूची, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताच्या सरकारी उताऱ्याची, प्रत पुढे ठेवली. सात महिन्यांपूर्वी त्यानं एक प्लॉट मेहुण्याला बक्षीसपत्रानं दिला होता. नादारीचा अर्ज दाखल होण्याआधीच्या दोन वर्षांतलं असं फुकटचं हस्तांतर रिसिव्हर, म्हणजे नादाराची मालमत्ता सांभाळायला कोर्टानं नेमलेला माणूस, कोर्टाकडून रद्द करून घेऊ शकतो, आणि पुढे तसंच झालं. प्लॉट गेला, मुद्रांकाचे पैसे वाया गेले. त्याहून वाईट म्हणजे यादीतल्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवेना. त्याची बायको बाहेर बाकावर रेशनकार्डाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मला विचारलं, 'आता भांडीपण नेणार का हो?' तिला कुणी सांगितलंच नव्हतं की अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं, मंगळसूत्र हे कायदाच जप्तीतून वगळतो. या भीतीपोटीच माणसं लपवाछपवी करतात. तेव्हापासून वगळलेल्या वस्तूंची यादी मी पहिल्याच दिवशी मोठ्यानं वाचून दाखवतो, आणि पक्षकाराच्या नावावरचा इंडेक्स टू स्वतः काढतो. बक्षीसपत्र झालंच असेल तर वकिलांना अर्जाआधी सांगा. तेव्हा वाट काढता येते.

जवळच्या एकाचेच पैसे आधी फेडून मग अर्ज करणंही टाळा. त्याला झुकतं माप द्यायचं म्हणून केलेली अर्जाआधीच्या तीन महिन्यांतली फेड उलटवली जाऊ शकते.

जामीनदाराला अंधारात ठेवू नका. तुम्ही सुटलात तरी तो सुटत नाही, आणि आपल्याकडे जामीनदार म्हणजे बहुधा चुलतभाऊ नाहीतर शेजारी.

चेक बाऊन्सची फौजदारी केस या अर्जानं थांबत नाही, ती वेगळी लढावी लागते. पोटगी आणि सरकारी देणीही माफ होत नाहीत. तारण ठेवलेल्या घरावरचा बँकेचा हक्क कायम राहतो.

बिनपरवाना सावकार दारात येत असेल तर नादारीची वाट पाहू नका. जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करा, २०१४ चा सावकारी कायदा त्यासाठीच आहे. वकिलाच्या फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथं उत्पन्नाची अट नाही.

शेवटची चूक नादार ठरल्यानंतरची. लोकांना वाटतं काम संपलं, आणि ते फोन उचलणं बंद करतात. कोर्टानं दिलेल्या मुदतीत विमुक्तीचा, म्हणजे उरलेल्या कर्जातून सुटका मागण्याचा, अर्ज करावा लागतो, नाहीतर नादारीचा आदेशच रद्द होतो. ती तारीख मी फाइलच्या वरच्या पानावर लाल शाईनं लिहितो आणि पक्षकाराच्या घरच्या कॅलेंडरवरही लिहायला लावतो.