टोलुंडचा माणूस वर्गात दाखवायचा असेल तर

टोलुंडचा माणूस म्हणजे डेन्मार्कच्या दलदलीत कातडीसकट टिकलेला प्राचीन देह. पहिल्या वर्षी मी त्याचा फोटो आधी दाखवला. आठवीचा वर्ग "भूत, भूत" म्हणून ओरडला आणि पुढचं कुणी ऐकलंच नाही. तेव्हापासून आधी बरण्या, चेहरा शेवटी.

आठ दिवस आधी कोंबडीच्या पंखाची दोन बारीक हाडं स्वच्छ करून घ्या. तंगडीचं जाड हाड नको, ते आठवड्यात आतून टणकच राहतं. एक हाड पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा, दुसरं कोरडं ठेवा. व्हिनेगर दोन दिवसांनी बदला. आम्लाने कॅल्शियम निघून गेलं की हाड रबरासारखं वाकतं. मुलांना स्वतः वाकवू द्या, नंतर हात धुवायला लावा. आम्लधर्मी दलदलीत माणसाच्या हाडांचंही असंच होतं.

मग कातडी का टिकते? काष्ठौषधीच्या दुकानातून हिरड्याची पूड आणा. दोन चमचे पूड दोन कप पाण्यात उकळा, फडक्यातून दोनदा गाळा, निवू द्या. अर्धा कप कोमट पाण्यात चिमूटभर बिनरंगी जिलेटिन विरघळवा आणि त्यात काढा ओता. पाणी क्षणात गढूळ होतं. जिलेटिन जनावराच्या कातडी-हाडांतूनच निघतं, हिरड्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य त्याला घट्ट धरतं. माझे वडील सुभाषनगरात चपला शिवायचे. त्यांच्याकडे येणारं चामडं याच गुणावर कमावलेलं असे: कातड्याची पिशवी शिवायची, बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरून टांगायची. डेन्मार्कमध्ये ग्राउबॅलेजवळ १९५२ साली सापडलेला देहही टिकवण्यासाठी ओकच्या सालीत सुमारे दीड वर्ष ठेवला होता. हे वाचलं तेव्हा मला घरातला तो वास आठवला.

पण एक फरक सांगायला विसरू नका. दलदलीत हिरडा नसतो. तिथे स्फॅग्नम शेवाळातून सुटणारं स्फॅग्नन नावाचं द्रव्य कातडीतल्या प्रथिनाला धरतं. शिवाय थंडी आणि प्राणवायूचा अभाव, त्यामुळे कुजवणाऱ्या जिवाणूंचं काही चालत नाही. मुलांना दाखवायला हे शेवाळ नर्सरीत ऑर्किडसाठी मिळतं. कोकोपीट आणू नका, तो नारळाच्या काथ्याचा भुगा.

शेवटी मुलांच्या तळहातावर थोडे जव आणि जवस द्या. ८ मे १९५० रोजी सिल्केबोर्गजवळ जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीत साचलेल्या शेवाळाचा थर, कापणाऱ्यांना टोलुंडचा माणूस सापडला. नुकताच खून झालाय असं वाटून पोलिसांना बोलावलं गेलं. तो सुमारे २४०० वर्षांपूर्वीचा निघाला. गळ्यात चामड्याचा फास होता. पोटात जव-जवसाची पेज आणि मासे.

दाणे हातात असतानाच फोटो लावा. डोक्यावर टोपी, डोळे मिटलेले, हनुवटीवर दाढीचे खुंट. कुणी "ममी" म्हटलं तर थांबवा. त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही, म्हणून "तो माणूस" म्हणायचं.